जगबुडीनंतरची डागडुजी

हायाओ मियाझाकी यांची ‘नाउसिका’, आणि विनाशाकडे लांबून पाहण्याची आपली सवय

२०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या फोनवर दोन तऱ्हांचे फोटो एकाच वेळी येत होते. एकीकडे नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर उतरलेले फ्लेमिंगोंचे गुलाबी थवे आणि जालंधरच्या गच्च्यांवरून दिसू लागलेली धौलाधारची बर्फाळ रांग. खाली ओळ असायची : निसर्ग स्वतःला सावरतोय. दुसरीकडे महामार्गाच्या कडेनं डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन गावाकडे चालत निघालेली माणसं. दोन्ही फोटो खरे होते, आणि दोन्हींमागचं कारणही एकच होतं : टाळेबंदी. पण ते एका वाक्यात बसवणं कुणाला जमत नव्हतं. पहिल्या फोटोवर बदाम टाकायचा तर दुसरा अंगठ्यानं वर सरकवावा लागायचा.

‘सगळं कोसळतं आणि पुन्हा उगवतं’ हा कलेचा फार जुना विषय आहे. चित्रं, कादंबऱ्या, सिनेमे, गेम्स, सगळीकडे तो आहे. उद्ध्वस्त शहर, त्यावर चढलेली वेल, भेगेतून आलेलं एक रोपटं ही प्रतिमा आता इतकी ओळखीची झाली आहे की ती पाहताना आपल्याला भीतीपेक्षा शांतच जास्त वाटतं. या शांत वाटण्याबद्दल मला शंका आहे. चक्र फिरतं हे मान्य. पण ते फिरताना त्याखाली कोण येतं? आणि चित्र काढणारा, गोष्ट सांगणारा नेमका कुठं उभा राहून ते पाहत असतो?

आपल्याला तर हे चक्र घरातच मिळतं. चार युगं, त्यातलं शेवटचं कलियुग ४,३२,००० वर्षांचं, मग प्रलय, मग पुन्हा पहिल्यापासून. ‘जगबुडी’ हा शब्द इतका रोजच्या वापरातला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडजवळून वाहणाऱ्या नदीचं नावच जगबुडी आहे. या कल्पनेत मोठा धीर आहे, हे नाकारता येत नाही. पण तिच्यात एक पळवाटही आहे. नदीत कारखान्याचं पाणी सोडलं, डोंगर पोखरला, की कुणीतरी म्हणतं, ‘कलियुग आहे, चालायचंच.’ काळाच्या माथ्यावर खापर फोडलं की कारखान्याचं नाव घ्यावं लागत नाही.

म्हणून या लेखात एका अशा कलाकृतीबद्दल लिहायचं आहे, जिनं हे चक्र आधी मनापासून स्वीकारलं आणि मग बारा वर्षं त्याच्याशी भांडण केलं. हायाओ मियाझाकी यांची ‘नाउसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड’. यातला सिनेमा अनेकांनी पाहिला आहे. त्याच गोष्टीचा सात खंडांचा मांगा मात्र त्यामानानं कमी लोकांनी वाचला आहे, आणि खरं भांडण तिथं आहे. (पुढे दोन्हींचा शेवट उघड केला आहे. वाचायचं राहिलं असेल तर इथे थांबा, वाचून या.)

लांबून पाहिलेला विनाश

त्याआधी एका जुन्या चित्रमालिकेकडे पाहू, म्हणजे मियाझाकी कशापासून दूर गेले ते कळेल. थॉमस कोल या अमेरिकन चित्रकारानं १८३३ ते १८३६ या काळात ल्युमन रीड या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यासाठी ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ ही पाच चित्रांची मालिका काढली. आज ती ‘न्यूयॉर्क हिस्टॉरिकल’ या संग्रहालयात आहे. जागा एकच : समुद्राचा फाटा आणि मागे एक डोंगर, त्याच्या माथ्यावर तोल सांभाळून बसलेला प्रचंड खडक. पहिल्या चित्रात पहाटेचं वादळी आभाळ आणि हरणामागे धावणारा शिकारी. दुसऱ्यात सकाळ, मेंढपाळ, दगडी देऊळ, जमिनीवर काठीनं भूमितीची आकृती काढणारा म्हातारा. तिसरं चित्र इतरांपेक्षा आकारानंही मोठं : भर दुपार, संगमरवरी शहर, पुलावरून मिरवत येणारा विजयी सेनानी. चौथ्यात लूट, आग, मोडलेला पूल, मुंडकं नसलेला योद्ध्याचा पुतळा. पाचव्यात चांदणं. एकटा उरलेला खांब, त्याच्यावर पक्ष्याचं घरटं. माणूस एकही नाही.

ही चित्रं अप्रतिम आहेत. पण पाचही चित्रांत आपण उभे आहोत ते लांब, जरा उंचावर. चौथ्या चित्रातल्या बायका ओरडत आहेत हे दिसतं, पण त्यांचे चेहरे नखाएवढे. पाचव्या चित्रापाशी आलो की सुटल्यासारखं वाटतं : बरं झालं, गोंगाट संपला. डोंगर आणि खडक मात्र पाचही चित्रांत तसाच आहे. कोलचं म्हणणं तेच आहे : माणसं येतील-जातील, डोंगर राहील.

आता काळ पाहा. १८३० साली अमेरिकेनं मूळनिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हटवण्याचा कायदा केला. १८३८ साली चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलण्यात आलं. कोल चित्रं काढत होता तो या दोन सालांमधला काळ. आणि त्याच्या पहिल्या चित्रात, ‘रानटी अवस्थे’त, मोकळ्या जागेत त्या लोकांच्या तंबूंसारखे तंबू दिसतात. म्हणजे जे लोक त्या क्षणी जिवंत होते, हाकलले जात होते, ते चित्रात चक्राचा पहिला टप्पा होऊन बसले. मागे पडलेले, आपोआप संपलेले. कोलला त्यांच्याशी वैर होतं असं मी म्हणत नाही. त्याला चिंता होती ती आपल्या देशाच्या वाढत्या हावेची. पण चक्राची कल्पनाच अशी आहे की तिच्यात कुणी कुणाला ढकललं याची नोंद राहत नाही. सगळं ऋतूंसारखं घडून जातं.

सिनेमा : रान आपल्याला माफ करतं

‘नाउसिका’ हा मांगा ‘अ‍ॅनिमेज’ या जपानी मासिकाच्या फेब्रुवारी १९८२च्या अंकापासून सुरू झाला. दोनच वर्षांनी, ११ मार्च १९८४ रोजी, त्यावरचा सिनेमा आला. निर्माते इसाओ ताकाहाता, संगीत जो हिसाइशी यांचं. स्टुडिओ जिब्ली अजून जन्माला यायचा होता. तो १९८५चा.

गोष्ट अशी. हजार वर्षांपूर्वी ‘अग्नीचे सात दिवस’ येऊन गेले. माणसानंच घडवलेल्या महाकाय योद्ध्यांनी कारखान्यांची संस्कृती जाळून टाकली. आता पृथ्वीवर ‘फुकाई’ नावाचं रान पसरत चाललं आहे : अवाढव्य बुरश्या, विषारी हवा, आणि राखणीला ओमू नावाचे टेकडीएवढे किडे. उरलेली माणसं कडेकडेनं राहतात आणि आपसात लढतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे ज्या खोऱ्यात विष पोचत नाही, तिथली राजकन्या म्हणजे नाउसिका. हे नाव ‘ओडिसी’तलं. पण तिचा दुसरा धागा जपानमधल्याच एका जुन्या कथेतला आहे. त्यातल्या घरंदाज मुलीला फुलपाखरांपेक्षा सुरवंट जास्त आवडतात.

सिनेमातलं मला सर्वांत आवडणारं दृश्य अगदी सुरुवातीला आहे. नाउसिका रानात शिरते, ओमूची टाकलेली कात सापडते, तिच्यातल्या डोळ्याची पारदर्शक काच ती सुटी करते आणि ती काच अंगावर धरून आडवी पडून राहते. वरून बीजाणू बर्फासारखे झरत असतात. एक श्वास तोंडावरच्या मुखवट्याशिवाय घेतला तर मरण. आणि तरी तिच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक. विनाशाच्या सिनेमात विनाशालाच सुंदर दाखवणं सोपं असतं, पण इथे तसं नाही. सुंदर आहे ते रान, आणि ते विनाशानंतर उगवलेलं काहीतरी नवं आहे. त्याला आपल्याबद्दल राग नाही, प्रेमही नाही.

मग शोध लागतो. किल्ल्याच्या तळघरात नाउसिकानं याच रानातली झाडं स्वच्छ पाण्यावर आणि स्वच्छ मातीत वाढवली आहेत. ती विषारी नाहीत. विष झाडांत नसून जमिनीत आहे. झाडं ते शोषून घेतात, दगड होतात, झिजून स्वच्छ वाळू होतात. रानाच्या पोटात, खोल खाली, निर्मळ पाणी वाहतं आहे. ज्याला आपण रोग समजत होतो तो उपचार होता.

या कल्पनेचं मूळ एका खऱ्या ठिकाणात आहे, हे मियाझाकी यांनी स्वतः सांगितलं आहे : मिनामाता. क्यूशू बेटावरच्या या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षं पाऱ्याचं सेंद्रिय संयुग असलेलं सांडपाणी समुद्रात सोडत होता. ते माशांत उतरलं, माशांतून माणसांत. आधी गावातली मांजरं पिसाटल्यासारखी नाचत मेली. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. मासे धोक्याचे म्हणून खाडीत मासेमारी थांबली आणि काही वर्षांनी तिथे माशांचे थवेच्या थवे दिसू लागले. ही बातमी वाचून मियाझाकी थरारले. आपल्या पापाचा गाळ पोटात घेऊन समुद्र पुन्हा भरला होता.

सिनेमाचा शेवट याच थरारातून आला आहे. चवताळलेल्या ओमूंच्या लोंढ्यासमोर नाउसिका उभी राहते, मरते, आणि ओमू आपल्या सोनेरी स्पर्शकांवर तिला उचलून पुन्हा जिवंत करतात. निळ्या वस्त्रातला कुणीतरी सोनेरी शेतावरून चालत येईल हे भाकीत खरं ठरतं. डोळे भरून येतात. पण थिएटरबाहेर आल्यावर प्रश्न पडतो : आपण काय केलं? काहीच नाही. रानानं जमीन धुतली, किड्यांनी माफ केलं, एका मुलीनं आपल्या वाटणीचं मरण सोसलं. ‘निसर्ग स्वतःला सावरतोय’ या ओळीचं हे सर्वांत सुंदर रूप आहे, आणि त्या ओळीतली खोटही त्यात आहे. शेवटाला आलेला तो धार्मिक रंग खुद्द मियाझाकी यांनाही खटकत राहिला.

मांगा : सफाईचा आराखडा कुणाचा?

सिनेमात मांग्याचे पहिले दोनेक खंड येतात. मियाझाकी मात्र पुढे लिहीत-काढत राहिले, मध्ये सिनेमे करायला थांबले, पुन्हा परतले. मार्च १९९४च्या अंकात गोष्ट संपली. या बारा वर्षांत शीतयुद्ध संपलं, सोव्हिएत संघ फुटला, युगोस्लाव्हिया शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारून रिकामा केला. त्या युद्धानं आपल्याला हादरवलं, असं ते सांगतात, आणि मांग्याच्या पानांवर ते दिसतं.

आधी पानांबद्दल. पुस्तकरूपातला मांगा काळ्या शाईऐवजी तपकिरी शाईत छापला आहे. चौकटी गच्च भरलेल्या. बारीक रेषांच्या जाळीतून मियाझाकी कापड, बुरशी, गंजलेलं लोखंड, म्हाताऱ्याचा हात हे सगळं एकाच पोताचं करून टाकतात. कित्येकदा दोनदा पाहावं लागतं : हे जहाजाचं भंगार आहे की रान? कोलच्या चित्रात अवशेष आणि निसर्ग वेगळे ओळखू येतात, इकडे खांब, तिकडे वेल. इथे ते वेगळे काढताच येत नाहीत. हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. पुढे जे उघड होणार आहे ते या रेषेनं आधीच सांगून ठेवलं आहे.

उघड होतं ते शेवटच्या खंडात. शुवा या शहरात एक जुनं थडगं आहे, आत जुन्या जगाची विद्या सांभाळून ठेवलेली. तिथला स्वामी नाउसिकाला सांगतो : रान आपोआप उगवलेलं नाही. जुन्या जगाच्या शास्त्रज्ञांनी ते आखलं. पृथ्वी धुण्याचं यंत्र म्हणून. ओमूही घडवलेले. आणि आजची माणसंही मूळची उरलेली नाहीत. विषात तग धरावी म्हणून त्यांच्या शरीरात बदल केलेले आहेत. सफाई पूर्ण होईल तेव्हा हवा इतकी शुद्ध असेल की ही माणसं तिच्यात रक्त ओकून मरतील. त्यांच्या जागी थडग्यात जपून ठेवलेल्या अंड्यांतून नवी माणसं येतील. शांत, शहाणी, न भांडणारी. आजच्यांना बदलून घेण्याची विद्याही आमच्याकडे आहे, असं तो म्हणतो. फक्त विश्वास ठेवा.

म्हणजे सिनेमातला तो दिलासा, खाली वाहणारं निर्मळ पाणी, मांग्यात सापळा ठरतो. नवनिर्मिती होणार आहे, पण आराखडा हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांचा आहे, आणि त्यात आज जगणाऱ्यांची भूमिका फडक्याची : पुसा आणि फेकून द्या.

नाउसिका नकार देते. तिनं ज्याला ओमा असं नाव दिलं, जो तिला आई म्हणतो, त्या शेवटच्या महाकाय योद्ध्याकडून ती थडगं उद्ध्वस्त करवते. अंडी मरतात. ओमाही मरतो. थडग्यातून वाहणारं रक्त ओमूंच्या रक्तासारखंच निळं असतं. शुद्धतेचं आश्वासन देणारा आणि रानातले पवित्र किडे एकाच हाताची घडण होते. तिचा युक्तिवाद माझ्या शब्दांत असा : आम्ही घडवलेले असू, विषारी असू, पण जन्मल्यानंतरचं जगणं आमचं आहे. ज्यात मळ नाही, दुःख नाही, चूक नाही, ते जगणं नव्हेच. आम्ही टिकायचं की नाही हे आमचं आम्हाला जगत जगत ठरू दे.

आता मिनामाताकडे पुन्हा पाहा. ते मासे परतले होते, पण स्वच्छ होऊन नव्हे. पारा त्यांच्या अंगात होता. १९७४ साली खाडीच्या तोंडाशी जाळी लावून त्यांना आत कोंडलं गेलं. ती जाळी निघाली १९९७ साली. एकाच खाडीनं मियाझाकी यांना दोन गोष्टी दिल्या, असं मला वाटतं. १९८४ सालची : माणूस बाजूला झाला की समुद्र भरतो. १९९४ सालची : भरलेला समुद्र निर्मळ नसतो, आणि तरी तो जिवंत असतो. मिनामातात कित्येक मुलं आईच्या पोटातच विष घेऊन जन्मली. मांग्यात नाउसिका ही तिच्या आईबापांची जगलेली एकुलती एक लेक. आधीची भावंडं विषानं गेली. हे वाचताना ती खाडी आठवल्याशिवाय राहत नाही. अंगात विष असलेल्या माणसांना ‘तुम्ही संपलात की जग शुद्ध होईल’ असं सांगणं किती क्रूर आहे, हे मांग्याला कळलं आहे.

पण तिचं बरोबर होतं का?

इथे मांग्याचे चाहते बहुतेक थांबतात. मला थांबता येत नाही. नाउसिकानं जी अंडी मारली, त्यांत न जन्मलेली निरपराध माणसं होती. आजच्या लोकांना शुद्ध हवेत जगता आलं असतं अशी विद्याही तिनं गाडली. आणि बाहेर आल्यावर तिनं हे सत्य लोकांपासून लपवलं. हजारो लोकांच्या वतीनं एकटीनं निर्णय घेतला, न विचारता. थडग्याच्या स्वामीचा गुन्हा यापेक्षा वेगळा होता का?

मांग्याची ताकद अशी की तो हा प्रश्न झाकत नाही. आपल्या हातून काय झालं हे नाउसिकाला माहीत आहे. तिला आई म्हणणाऱ्या पोराचा तिनं शस्त्रासारखा वापर केला, हेही तिला माहीत आहे. सिनेमातली सोनेरी स्पर्शकं इथे नाहीत. कुणी येऊन तिला निर्मळ ठरवत नाही. पण एक उणीव राहतेच. शेवटच्या खंडात सगळा भार तिच्या एकटीच्या खांद्यावर येतो आणि खोऱ्यातली माणसं पडद्याआड जातात. ज्यांच्या जगण्याच्या हक्कासाठी हे सगळं केलं, त्यांना बोलायला पान मिळत नाही. शेवट घाईचा आहे. बारा वर्षं दमून गेलेल्या हातानं पेन्सिल खाली ठेवावी तसा.

आणि म्हणून मला त्या माणसांकडे परत जावंसं वाटतं. सिनेमात शत्रूचं विमान खोऱ्यात कोसळतं आणि त्यातून रानाचे बीजाणू पसरतात, तेव्हा काय होतं ते आठवा. म्हातारे, बायका, पोरं हातात आग ओकणाऱ्या नळ्या घेऊन झाडाझाडाखाली, गवताच्या पात्यापात्यांत शोधतात. एक बीजाणू राहिला तर सगळी झाडं जातील. कैदेतले म्हातारे शत्रूच्या सेनापतीला, कुशानाला, आपले दगडासारखे होत चाललेले हात दाखवतात. त्यांच्या राजकन्येला हे राबलेले हात आवडतात, याचा त्यांना अभिमान आहे. या प्रसंगांत चक्र नाही, भाकीत नाही. रोज उठून आपल्या हातचं वाचवणं आहे. मराठीत याला साधा शब्द आहे : डागडुजी. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, गेल्या वर्षीची फुटकी कौलं काढून नवी बसवतात. घर नवं होत नाही. फक्त या पावसात गळत नाही.

चिमणी आणि खांब

जानेवारी १९८२मध्ये, टोकियोत ‘नाउसिका’चा पहिला भाग छपाईच्या वाटेवर असेल त्याच सुमारास, मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. योगायोगच, त्यापलीकडे काही नाही. पण ‘नवनिर्मिती’ या शब्दाचं मुंबईतलं रूप आपण तिथूनच शिकलो : पुनर्विकास. गिरण्या पडल्या, टॉवर आणि मॉल उभे राहिले, आणि एखाद्या आवारात शोभेसाठी जुनी चिमणी ठेवली गेली. कोलच्या पाचव्या चित्रातला एकटा खांबच तो. पाहायला सुंदर. तिच्याखाली सेल्फी काढताना ज्यांच्या भोंग्यावर ती धूर सोडायची ते कुठं गेले हा प्रश्न चौकटीत येत नाही. पुनर्विकासाच्या जाहिरातीत नेहमी झाडं, पाणी आणि शुद्ध हवा असते. शुवाच्या थडग्यातलं आश्वासनही तेच होतं.

याचा अर्थ पडकी घरं तशीच राहू द्यावीत असा नाही. प्रश्न एवढाच की नव्या घराच्या आराखड्यात आत्ता तिथं राहणारा माणूस आहे की नाही. उजाड होणं आणि पुन्हा बहरणं यावरची कुठलीही कलाकृती समोर आली की मी आता हेच विचारते. त्या सुंदर शेवटच्या चित्रात माणसं का नाहीत? मेली, हाकलली, की चित्रकाराला नको होती?

मिनामातात आज काय आहे? खाडीतला पारा मिसळलेला गाळ उपसून, पोलादी भिंतींमागे भरून, त्यावर सुमारे ५८ हेक्टर नवी जमीन तयार केली गेली. काम १९९० साली संपलं. आता तिथे हिरवं उद्यान आहे. फोटोत पाहिलं तर म्हणाल, निसर्ग सावरला. पण अधिकृतपणे रुग्ण ठरलेले दोन हजारांहून थोडे जास्त, आणि रुग्ण म्हणून मान्यता मिळावी यासाठी झगडणारे त्याच्या कितीतरी पट. २०२३ साली ओसाकाच्या जिल्हा न्यायालयानं १२८ फिर्यादींना या रोगाचे रुग्ण मानलं, तेव्हा पहिल्या नोंदीला ६७ वर्षं झाली होती. गवत उगवायला एक पावसाळा पुरतो, न्यायाला तीन पिढ्या.

तिथल्या लोकांनी १९९०च्या दशकात एक शब्द वापरायला सुरुवात केली : ‘मोयाइ-नाओशी’. मोयाइ म्हणजे होड्या एकमेकींना बांधून ठेवणं, नाओशी म्हणजे दुरुस्ती. सुटलेल्या होड्या पुन्हा बांधणं. रुग्ण, कारखान्यात नोकरी करणारे, गप्प राहिलेले शेजारी, सगळे एकाच गावचे होते आणि चाळीस वर्षं एकमेकांकडे पाठ करून राहिले होते. १९९४ साली तिथल्या महापौरांनी रुग्णांची जाहीर माफी मागितली. त्याच साली ‘नाउसिका’ संपली होती.

आणि त्या भरावाच्या जमिनीवर, समुद्राकडे तोंड करून, रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कोरलेल्या छोट्या दगडी मूर्ती आहेत. त्यांची सुरुवात करणाऱ्यांत लेखिका मिचिको इशिमुरे होत्या. मिनामाताच्या कोळ्यांचं दुःख त्यांच्याच बोलीत मांडणारं त्यांचं ‘कुगाइ जोदो’ हे पुस्तक १९६९चं. या मूर्ती ओबडधोबड आहेत, गुडघ्याएवढ्या. कुठल्याही संग्रहालयात त्या कोलच्या शेजारी बसणार नाहीत. पण कोलला जे दिसलं नाही ते त्यांत आहे. त्या चक्राबद्दल काही म्हणत नाहीत. ‘सगळं पुन्हा उगवेल’ असंही म्हणत नाहीत. पायाखाली गाळ आहे, तो कुणी टाकला हे ठाऊक आहे, त्यात मेलेल्या माणसांची, माशांची, मांजरांची आठवण आहे, आणि आम्ही अजून इथेच राहतो, एवढंच त्या सांगतात.